अर्धा कोयता

दसऱ्याचे सोने लुटून झाले की बालाघाटच्या डोंगराळ भागातील गावांत एक निराळीच लगबग सुरू होते. बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, किंवा शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी, अशा तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. पत्र्याची पेटी, पिठामिठाची गाठोडी, चार भांडी, बाजरीचे पोते, कोंबड्यांचे डालगे, एखादी शेळी आणि या सर्वांच्या मधोमध मुले, असा सगळा संसार त्यांत चढविला जातो. दिवाळी सरता सरता त्या गावांत जावे, तर दारांना कुलपे दिसतात आणि ओट्यांवर म्हातारी माणसे बसलेली आढळतात. गेलेली माणसे परत येतात ती पाच-सहा महिन्यांनी, कारखान्यांचा पट्टा पडला म्हणजे.

'स्थलांतर' हा शब्द आम्ही सरकारी नोकर फार सहजपणे वापरतो. वीस वर्षांच्या नोकरीत मीही तो किती वेळा लिहिला असेल, त्याची गणती नाही. आज मला स्थलांतर करणाऱ्या स्त्रीच्या आरोग्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत. अशा स्त्रिया आपल्या देशात सर्वत्र आहेत. कोणी वीटभट्टीवर विटा थापते, कोणी शहरातील इमारतीच्या बांधकामावर घमेली वाहते, कोणी मिठागरात राबते. त्या सर्वांविषयी थोडथोडे बोलण्यापेक्षा, जिची वाट मी जवळून पाहिली आहे, त्या ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रीविषयी नीट बोलावे, असे मी ठरविले आहे. तिची कहाणी पुष्कळ अंशी इतरांचीही आहे.

प्रथम ती आपल्या गणतीत कशी येते ते पाहू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात जन्माचे किंवा पूर्वीचे ठिकाण सोडून अन्यत्र राहणारे सुमारे ४५ कोटी लोक होते आणि त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश स्त्रिया होत्या. त्या स्त्रियांपैकी बहुतेकींच्या स्थलांतराचे कारण 'विवाह' असे नोंदविलेले आहे. हे कारण खोटे नव्हे, परंतु ते अपुरे आहे. जी मुलगी लग्न होऊन सासरी आली आणि त्याच वर्षी नवऱ्याबरोबर उसाच्या फडावर गेली, तिच्या नावापुढे 'विवाह' एवढे लिहिले की तिच्या श्रमाची नोंद तेथेच संपते. शिवाय दरवर्षी सहा महिने जाणारी आणि सहा महिने घरी राहणारी माणसे दहा वर्षांतून एकदा होणाऱ्या गणतीच्या चिमटीत नीटशी सापडतही नाहीत. महाराष्ट्रातील ऊसतोडणी कामगारांचे अंदाज निरनिराळे केले जातात. सामान्यतः ते दहा लाखांच्या घरात असावेत असे मानले जाते. त्यांत निम्म्याच्या आसपास स्त्रिया आहेत, हे सांगण्यासाठी मात्र कोणत्याही अंदाजाची गरज नाही. त्याचे कारण त्या धंद्याच्या रचनेतच आहे.

ही रचना थोडी समजावून घ्यावी लागेल. १९५० साली प्रवरेकाठी लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत गोदावरी, भीमा, कृष्णा, पंचगंगा यांच्या खोऱ्यांत कारखान्यांच्या धुराड्यांची एक रांगच लागली. पाणी पश्चिमेकडे होते, म्हणून ऊसही तेथेच झाला. पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या मुलखात मात्र पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी आणि हाताला काम खरिपापुरतेच. १९७२ च्या दुष्काळाने या मुलखाची उरलीसुरली उमेदही खचविली. अशा रीतीने एकीकडे तोडणीला आलेला ऊस आणि दुसरीकडे रिकामे हात, अशी जोडी जमली. ही जोडी जमविणारा जो मध्यस्थ, तो मुकादम.

मुकादम पावसाळ्यातच पैसे वाटतो. त्या आगाऊ रकमेला 'उचल' म्हणतात. ही उचल माणसाला मिळत नाही, 'कोयत्या'ला मिळते. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकट्याने जाणाऱ्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात. नवऱ्याने ऊस तोडावा, बायकोने त्याचे पाचट काढावे, मोळी बांधावी आणि डोक्यावरून नेऊन गाडीत भरावी, असे हे एकजीव यंत्र आहे. उचल घेतो नवरा, अंगठा किंवा सही त्याची, हिशेबाच्या वहीत नाव त्याचे. बायको त्या नावातच धरलेली असते. टोळीत एक पुरी माणूस म्हणून तिला काम आहे, पण कागदावर तिला नाव नाही. तिच्या आरोग्याची पुढील सारी कथा या एका गोष्टीपासून सुरू होते.

तिचा दिवस पहाटे तीन-चार वाजता सुरू होतो. कारखान्याच्या आवारात किंवा शेताच्या कडेला बांबूच्या तट्ट्यांच्या अथवा प्लॅस्टिकच्या कागदाच्या कोप्या उभ्या केलेल्या असतात. त्यांत उभे राहता येत नाही, वाकूनच शिरावे लागते. पाणी लांबून आणावयाचे. शौचालय बहुधा नसतेच, म्हणून उजाडण्यापूर्वी आडोसा शोधावयाचा आणि त्यानंतर दिवस मावळेपर्यंत तशी वेळ येऊ नये म्हणून पाणीही कमी प्यावयाचे. स्वयंपाक उरकून, भाकरी फडक्यात बांधून ती अंधारातच फडावर जाते. पंचवीस-तीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन, ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून किंवा शिडीवरून वर चढावयाचे आणि मोळी टाकून पुन्हा खाली उतरावयाचे, असे दिवसातून किती वेळा, ते ट्रकच्या आकारावर अवलंबून. ट्रक रात्री आला तर भरणी रात्री. अंगणवाडीच्या वयाची मुले बांधावर सावलीत बसविलेली आणि अंगावर पिणारे मूल उसाच्या पाल्यावर झोपविलेले असते.

अशा आयुष्यातून कोणते आजार उद्भवावे, हे सांगावयास वैद्यच पाहिजे असे नाही. पाणी कमी पिण्यामुळे आणि लघवी तासनतास रोखून धरण्यामुळे मूत्रमार्गाचे विकार जडतात. मासिक पाळीच्या दिवसांत कापड धुण्यास पाणी नाही, वाळविण्यास जागा नाही. तेच ओलसर कापड पुन्हा वापरल्यामुळे जननमार्गाचे दाह होतात. सततच्या ओझ्यामुळे कंबर आणि मान धरते. बाळंतपणानंतर पुरती विश्रांती न मिळता पुन्हा ओझे उचलले की अंग बाहेर येण्याचा विकार बळावतो. मार्च-एप्रिलच्या उन्हाचा तडाखा निराळाच. या सर्वांच्या मुळाशी रक्तक्षय आहे. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. हे प्रमाण सर्वसाधारण स्त्रियांचे. भाकरी आणि चटणीवर दहा-बारा तास राबणाऱ्या गर्भार बाईची अवस्था त्याहून बरी असण्याचे काही कारण नाही.

आता कोणी म्हणेल, की या आजारांवर उपाय नाहीत काय? आहेत, आणि बहुतेक साधे आहेत. लोहाच्या गोळ्या, जंतुनाशक औषधांचा पुरा क्रम, गरोदरपणात किमान चार तपासण्या, बाळंतपण दवाखान्यात, मुलाला वेळेवर लसी, इतक्याने निम्म्याहून अधिक दुःख टळेल. हे सारे शासनाच्या आरोग्यव्यवस्थेत विनामूल्य उपलब्धही आहे. गावोगाव आशा कार्यकर्ती आहे, अंगणवाडी आहे, उपकेंद्र आहे. मग ही स्त्री आणि ही व्यवस्था यांची गाठ का पडत नाही?

येथे मला माझ्या नोकरीतील एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी पश्चिम महाराष्ट्रातील एका कारखान्याच्या परिसरात मी संध्याकाळी कोप्यांच्या तळावर गेलो होतो. टोळीत माणसे किती, असे मुकादमाला विचारले. तो म्हणाला, "बारा कोयते." बाया किती, असे विचारल्यावर तो थोडा घोटाळला आणि मनाशी मोजू लागला. तेथेच चुलीजवळ एक सात-आठ महिन्यांची गर्भार बाई बसली होती. तिला मी विचारले, "ताई, गावाकडे नाव नोंदवलंय का?" ती उठली, पेटी उघडली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले माता-बाल संरक्षणाचे कार्ड तिने माझ्या हातात दिले. कार्ड तिने जिवापाड जपले होते. त्यावर आश्विनापर्यंतच्या दोन तपासण्या नीट लिहिलेल्या होत्या. पुढचे रकाने कोरे होते. "इथे दवाखान्यात दाखवलं नाही का?" या माझ्या प्रश्नावर ती म्हणाली, "सायेब, दवाखाना हाये म्हनं पाच कोसावर. जायचं म्हंजी दिवस मोडतो. दुखणं काय, आज हाये उद्या नाही. खाडा मातर आजच पडतो."

खाडा म्हणजे कामावर न गेल्याचा दंड. मजुरी बुडते ती वेगळीच. दिवसाला ५०० रुपयांपर्यंत खाडा कापल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. शिवाय एक कोयता म्हणजे दोघे. बायको आजारी पडली तर नवऱ्याचेही काम अडते आणि दोघांचा दिवस जातो. पट्टा पडण्याच्या वेळी उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे भाग पडते. म्हणजे दवाखाना सरकारी असला आणि औषध फुकट असले, तरी त्या बाईला ते फुकट पडत नाही. उपचाराची किंमत ती खाड्याच्या रूपाने मोजते.

ही झाली तिच्या बाजूची अडचण. दुसरी अडचण आमच्या बाजूची आहे आणि ती मला अधिक बोचते. आपली आरोग्यव्यवस्था गाव धरून बांधलेली आहे. सुमारे एक हजार लोकवस्तीला एक आशा, ठरावीक घरांना एक अंगणवाडी, उपकेंद्राच्या वहीत त्या गावच्या गर्भार स्त्रियांची नावे. बाई गाव सोडून गेली की तेथील वहीत तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. ज्या गावाच्या शिवारात ती सहा महिने राहते, त्या गावच्या वहीत ती 'बाहेरची' असते. या दोन वह्यांच्या मधल्या जागेत तिचे बाळंतपण होते. कित्येकदा ते कोपीतच होते आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा फडावर दिसते. मी स्वतः अशा अहवालांवर सह्या केल्या आहेत, की ज्यांत स्थलांतरितांची संख्या उद्दिष्टातून वजा केली होती. वजाबाकी नियमाप्रमाणे होती आणि टक्केवारी चांगली दिसत होती. त्या संध्याकाळी ते कार्ड हातात घेतल्यावर मला प्रथम उमगले, की आम्ही ज्याला वजाबाकी म्हणत होतो ती ही समोर बसलेली बाई होती.

आता मी या विषयाच्या सर्वांत दुःखद भागाकडे येतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण फार मोठे असल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या आणि देशभर खळबळ उडाली. महाराष्ट्र शासनाने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण देशभर ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत सारखे नसतील. पण ही तफावत वयाच्या हिशेबाने भरून निघण्याजोगी नाही.

त्या मुलखात या शस्त्रक्रियेला 'पिशवी काढणे' म्हणतात. एखादे दुखरे दात काढून टाकावे, तितक्या सहजपणे हा शब्द उच्चारला जातो. तो ऐकून शहरी माणूस चटकन म्हणतो, की हे अज्ञान आहे. मला तसे वाटत नाही. या बाईच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहा. लग्न सोळा-सतराव्या वर्षी झालेले, कारण जोडी झाल्याशिवाय पुरा कोयता होत नाही आणि मोठी मुलगी कोपीत एकटी ठेवून फडावर जाण्यास आईबापांचा जीव धजत नाही. विशी-बाविशीपर्यंत दोन-तीन बाळंतपणे, मग कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. त्यानंतर अंगावरून पांढरे जाणे, पाळीत जास्त रक्त जाणे, ओटीपोटात दुखणे. हा बहुधा औषधाने बरा होणारा दाह असतो. पण औषधाचा क्रम पुरा करावयास फडावर कोणी नसते. पावसाळ्यात गावी आल्यावर ती तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या खासगी दवाखान्यात जाते. तेथे कोणी सांगते, की पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कर्करोग होईल. मुले झालेलीच आहेत. पाळी गेली तर दर महिन्याचे चार दिवस वाचतील, खाडे टळतील. शस्त्रक्रियेचा खर्च मुकादम आणखी उचल देऊन भागवतो. तिने हिशेब केला तो हा असा. हिशेब तिने चुकविलेला नाही. ज्या आकड्यांवर तो करावा लागला, ते आकडेच तिच्या हातातले नव्हते.

गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया स्वतः वाईट नव्हे. मोठ्या गाठी, कर्करोग, अन्य उपायांनी न थांबणारा रक्तस्राव, अशा प्रसंगी ती जीव वाचविते. परंतु अंगावरून पांढरे जाणे हे काही तिचे कारण होऊ शकत नाही. तिशीत हा अवयव काढला, आणि त्याबरोबर बीजकोशही काढले, तर ऋतुनिवृत्ती एकाएकी ओढवते. हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, अंगाचा दाह, निद्रानाश आणि खिन्नता मागे लागते. बीजकोश राखले तरी पाळी जाण्याबरोबर येणारे हे बदल पुष्कळदा अकाली सुरू होतात. चार दिवसांचे काम वाचावे म्हणून ज्या बाईने शस्त्रक्रिया करून घेतली, तिची काम करण्याची ताकदच पुढे दहा वर्षे आधी ओसरते. तिची उचल मात्र तेवढीच राहते, किंबहुना शस्त्रक्रियेच्या खर्चाने वाढलेली असते.

हा दोष एका जिल्ह्याचा नाही, हेही सांगितले पाहिजे. राजस्थानातील दौसा, त्याचप्रमाणे बिहार आणि छत्तीसगड येथूनही गरीब ग्रामीण स्त्रियांवर अनावश्यक शस्त्रक्रिया झाल्याच्या तक्रारी पूर्वीच पुढे आल्या होत्या. काही ठिकाणी २००८ साली सुरू झालेल्या आरोग्य विम्याचे पैसे मिळविण्यासाठी दवाखान्यांनी त्या केल्या, असा आरोप होता. दहा वर्षे चाललेल्या एका याचिकेवर २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ साली घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अंमलात आणावीत, असा आदेश दिला. बीडमध्ये तर २०१९ पासूनच खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले.

हे निर्बंध आवश्यकच होते. पण निर्बंधाने चाकू थांबतो, दुखणे थांबत नाही. परवानगी नाकारली गेली, तर ती बाई ओटीपोटातील तीच कळ घेऊन फडावर जाते, नाही तर जिल्ह्याची हद्द ओलांडून दुसऱ्या गावी शस्त्रक्रिया करून घेते. म्हणून प्रश्नाचे मूळ दवाखान्यात शोधण्यापूर्वी फडावर शोधले पाहिजे. आणि फडावर शोधू लागलो म्हणजे पहिला प्रश्न असा येतो, की या बाईचा धनी कोण?

कारखाना म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतुकीच्या ठेकेदाराशी आहे. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवितो. मुकादम म्हणतो, मी मालक कसला, मी तर उचल देऊन बसलेला सावकार. आणि उचल मी हिच्या नवऱ्याला दिली आहे. या साखळीत शेवटच्या कडीपर्यंत गेलो तरी तिला कामावर ठेवणारा सापडत नाही. चहाच्या मळ्यातील स्त्रीशी तुलना केली म्हणजे फरक कळतो. १९५१ च्या मळे-कामगार कायद्याने मळेवाल्यालाच धनी ठरविले आणि घर, दवाखाना, पाळणाघर यांची जबाबदारी त्याच्यावर टाकली. त्या कायद्याची अंमलबजावणी सर्वत्र उत्तम झाली असे नाही, पण जाब कोणाला विचारावयाचा ते निश्चित झाले. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. त्यात कामगारांना विनामूल्य वैद्यकीय सोय देण्याचे कर्तव्य ठेकेदारावर होते. परंतु तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. बीडहून बेळगावला गेलेली बाई त्याच्या कक्षेत, आणि तितकीच वाट तुडवून कोल्हापुरास गेलेली तिची जाऊ कक्षेबाहेर! २०२० साली संमत झालेल्या श्रमसंहितेत हा कायदा समाविष्ट करण्यात आला. परंतु कायदा जुना असो वा नवा, ज्या कामगाराचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही, तिच्यापर्यंत तो पोहोचावा कसा?

काहीच झालेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऊसतोड कामगारांसाठी स्वतंत्र कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. त्यांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे. त्यामुळे मुलगी शाळेत राहिली तर तिचे लग्न चार वर्षे लांबते, हा आरोग्याच्या दृष्टीनेही मोठा लाभ आहे. शिधापत्रिका आता गावाबाहेरही चालू लागली आहे. बीड जिल्ह्यात टोळीतीलच एका स्त्रीला प्रथमोपचाराचे शिक्षण देऊन, औषधांची पेटी हाती देऊन फडावर पाठविण्याचा उपक्रम झाला. तिला 'आरोग्य साथी' म्हणतात. मला या सर्व योजनांत हा लहानसा उपक्रम अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण तो सेवेला गावाच्या वहीतून बाहेर काढून बाईबरोबर ट्रकमध्ये बसवितो.

याच दिशेने आणखी काही साध्या गोष्टी करता येतील. पहिली, उचल देताना आणि हिशेब लिहिताना बायकोचे नाव स्वतंत्रपणे लिहिले जावे आणि तिच्या वाट्याची मजुरी तिच्या खात्यात जावी. शिधापत्रिका जर गावाबाहेर चालते, तर गर्भार बाईचे कार्ड का चालू नये? ज्या उपकेंद्राच्या हद्दीत टोळी उतरेल, त्याने तिची नोंद आपल्याच गावची म्हणून करावी आणि तिची तपासणी आपल्या उद्दिष्टात धरावी. गळीत हंगाम कधी सुरू होणार आणि कोणत्या कारखान्यावर किती टोळ्या येणार, हे शासनाला ठाऊक असते. कारखान्याला ऊस येण्याचे वेळापत्रक काढता येते, तर परिचारिकेला तळावर जाण्याचे वेळापत्रक काढणे अवघड नाही. मात्र तिने संध्याकाळी जावे, कारण दिवसा तेथे कोणी भेटत नाही. तळावर पाणी, शौचालय आणि मुलांसाठी सावली यांची सोय झाल्याशिवाय कारखान्याची तयारी पुरी झाली असे मानू नये. आणि आजारपण, बाळंतपण यांसाठी खाडा कापण्याची रीत एकदा स्पष्टपणे बेकायदा ठरवून मोडून काढावी. तो खाडा आहे तोपर्यंत फुकट औषधाची जाहिरात कितीही केली, तरी ते महागच राहणार.

यांतील बहुतेक गोष्टींना फार पैसा लागत नाही. लागते ती इतकीच, की दोन जिल्ह्यांनी, दोन खात्यांनी आणि एका कारखान्याने ही बाई आपली आहे असे एकाच वेळी म्हणावे. आम्हा अधिकाऱ्यांना हे कठीण जाते, कारण हद्द सांभाळणे हे आम्हांला पहिल्या दिवसापासून शिकविलेले असते. त्या बाईला मात्र कोणतीच हद्द माहीत नाही. ती रस्त्याने जाते आणि त्याच रस्त्याने परत येते.

त्या संध्याकाळी निघताना मी तिचे कार्ड तिला परत दिले. दुसऱ्या दिवशी जवळच्या उपकेंद्रातील परिचारिका तळावर जाऊन तिला तपासून आली. कोऱ्या रकान्यांतील एक रकाना भरला. त्यासाठी एका अधिकाऱ्याला वाट वाकडी करून तेथे जावे लागले, यात अभिमान वाटण्याजोगे काही नाही. उलट तीच आमची उणीव आहे. पाडव्याच्या सुमारास पट्टे पडतील, ट्रक पुन्हा बालाघाटाकडे वळतील. पत्र्याच्या पेट्यांच्या तळाशी जपून ठेवलेली अशी कितीतरी कार्डे त्यांतून परत येतील. त्यांच्यावरील रकाने कोणी सांगितल्याशिवाय भरलेले दिसू लागतील, त्या वर्षी 'स्थलांतरित' हा शेरा लिहिताना आमच्या हाताला संकोच वाटणार नाही.